पातळ पंख आणि भागाकाराचा ताळा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आदरणीय सर, बाई, आणि माझ्या वर्गातल्या मुला-मुलींनो,

आपण सगळे पंचेचाळिशीच्या आसपास आलो, काहींचे केस पांढरे झाले, काहींचे गेले. तरी या फाटकातून आत आलं की आपण मुलं-मुलीच असतो, म्हणून तसंच म्हणते.

संयोजकांनी मला वेळ दिली आणि वर विषयही दिला. फोनवर शब्द असे होते : "तू उपग्रहांचं काहीतरी करतेस म्हणे, ते आम्हाला कळेल असं सांग. आणि बोअर करू नकोस." उपग्रहांचं मी खरं तर फार थोडं करते. मी सॉफ्टवेअर लिहिते. छोटे उपग्रह घडी घालून वर पाठवतात आणि वर गेल्यावर त्यांचे सौरपंख उघडायचे असतात. ते उघडण्याचा हुकूम देणारा आणि उघडले की नाही ते पाहणारा प्रोग्रॅम, एवढंच माझं काम. त्या एवढ्याशा कामात मी एकदा मोठी चूक केली होती. ती या शाळेत शिकवलेल्या एका गोष्टीमुळे माझ्या लक्षात आली. आज तेच सांगणार आहे.

सोबत एक वस्तू आणली आहे. हा आमच्या बाबांच्या दुकानातला जुना कॅल्क्युलेटर. मागच्या रांगेला दिसणार नाही, पण असा एक तुमच्याही घरात होता. वरच्या बाजूला ही तपकिरी पट्टी आहे, चार खणांची. तिच्यावर बोट ठेवलं की आकडे पुसट होतात आणि उचललं की परत येतात. हा खेळ आपण सगळ्यांनी केलेला आहे. ही पट्टी म्हणजे पातळ थराचा सौरघट. काचेवर अमॉर्फस सिलिकॉनचा थर चढवलेला असतो. घराच्या छतावर जी सौर पॅनेल बसवतात, त्यांत सिलिकॉनच्या चकत्या असतात, दीडशे-दोनशे मायक्रॉन जाडीच्या. या पट्टीतला थर एक मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा धरला, तर हिशोब तुम्हीच करा.

हा इतका पातळ थर काचेऐवजी प्लॅस्टिकच्या चादरीवर चढवला तर काय होईल? पॅनेलची घडी घालता येईल, गुंडाळी करता येईल. छोट्या उपग्रहाला नेमकं तेच हवं असतं.

का हवं असतं, त्यासाठी आधी थोडं गणित. घाबरू नका, सातवीचं आहे.

पृथ्वीच्या अंतरावर, वातावरणाच्या बाहेर, एक चौरस मीटर जागेवर सूर्याची सुमारे १३६१ वॅट ऊर्जा पडते. आता 'क्यूबसॅट' नावाचा छोटा उपग्रह घ्या. त्याची सर्वांत लहान जात म्हणजे १० सेंटिमीटर बाजूचा ठोकळा. हे माप १९९९ मध्ये अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांच्या प्राध्यापकांनी ठरवलं, विद्यार्थ्यांना परवडेल असा उपग्रह बनवता यावा म्हणून. आपल्या पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला 'स्वयम्' याच मापाचा, जेमतेम एक किलोचा. २२ जून २०१६ रोजी तो पीएसएलव्हीतून गेला.

या ठोकळ्याची एक बाजू म्हणजे १०० चौरस सेंटिमीटर. तिच्यावर पडते साडेतेरा वॅटच्या आसपास ऊर्जा. कडा, स्क्रू, अँटेना यांची जागा सोडली, तर सौरघटांना ६० चौरस सेंटिमीटर मिळते. अवकाशासाठीचे उत्तम, महागडे घट शंभरातले तीस भाग विजेत बदलतात. हाती आले अडीच वॅटपेक्षा कमी, तेही सूर्य अगदी समोर असताना. खालच्या कक्षेत उपग्रह दीड तासात, म्हणजे ९०-९५ मिनिटांत, पृथ्वीला एक फेरी मारतो आणि त्यातली साधारण ३५ मिनिटं तो सावलीत असतो. आपल्याकडे रात्री लावायचा 'झिरोचा बल्ब' आठवतो? त्याच्यावर झिरो म्हणत असले, तरी तो पंधराएक वॅट खायचा. म्हणजे एक झिरोचा बल्ब लावता येणार नाही इतक्या विजेत या बिचाऱ्या उपग्रहानं फोटो काढायचे, दिशा सांभाळायची आणि रेडिओवर जमिनीशी बोलायचं.

यावर उपाय म्हणजे बाहेर गेल्यावर पंख उघडायचे. २०१७ च्या फेब्रुवारीत इस्रोनं एकाच पीएसएलव्हीतून १०४ उपग्रह सोडले, ते आठवत असेल. त्यातले ८८ एकाच अमेरिकन कंपनीचे, बुटाच्या खोक्यापेक्षा थोडे लहान, पृथ्वीचे फोटो काढणारे होते. त्या प्रत्येकाला बिजागरीवर उघडणारे कडक पंख होते. पण कडक पंखांनाही मर्यादा असते. उपग्रह ज्या पेटीतून सोडतात, तिच्या भिंतीत आणि उपग्रहात काही मिलिमीटरचीच फट असते. त्या फटीत किती फळ्या बसवणार? आणि वजन वाढलं की खर्च वाढला.

म्हणून पातळ थर. प्लॅस्टिकची चादर, तीही साधी नाही, पॉलिइमाइड नावाची सोनेरी-पिवळी, उष्णता सोसणारी. तिच्यावर सौरघटाचा थर. हे घट शंभरातले दहा-पंधरा भागच वीज देतात, महागड्या घटांच्या निम्मे किंवा त्याहून कमी. पण चादर इतकी हलकी की दुप्पट-तिप्पट क्षेत्रफळ घेतलं तरी परवडतं. जमिनीवर जागा महाग असते, अवकाशात वजन महाग असतं. जागा तिथे हवी तेवढी आहे, फक्त उघडता आलं पाहिजे.

हे नुसतं स्वप्न नाही. जपाननं २१ मे २०१० रोजी 'इकारोस' नावाचं यान शुक्राच्या दिशेनं सोडलं. वजन सुमारे ३०० किलो. त्याच्या पोटाभोवती एक पाल गुंडाळलेली होती, १४ मीटर बाजूची चौकोनी, ७.५ मायक्रॉन जाडीची. आपल्या पोह्याच्या पिशवीचं प्लॅस्टिक याच्यापुढे जाडजूड म्हणावं लागेल. त्या पालीच्या साधारण पाच टक्के भागावर २५ मायक्रॉनचे अमॉर्फस सिलिकॉनचे घट लावलेले होते. म्हणजे या कॅल्क्युलेटरच्याच घराण्यातले. पाल ताणायला काठ्या नव्हत्या. चार कोपऱ्यांना अर्धा-अर्धा किलोची वजनं होती. यान स्वतःभोवती गरगर फिरवलं आणि गिरकी घेतल्यावर परकराचा घेर उघडतो तशी ती पाल उघडली. त्या घटांनी वीज दिली आणि सूर्यप्रकाशाच्या दाबानं यान किंचित ढकललंही गेलं. पाल उघडली हे जमिनीवरच्या लोकांना नुसत्या आकड्यांवरून मान्य करायचं नव्हतं. म्हणून यानानं सहा सेंटिमीटरचा एक छोटा कॅमेरा बाहेर फेकला आणि दूर जाता जाता त्यानं पालीचा फोटो काढून पाठवला.

तो फोटो मी आजही कधीकधी उघडून बघते. हा सगळा विषय अखेर त्या फोटोशी येऊन थांबतो : उघडलं का?

कारण वीज बनवणं हा यातला सोपा भाग आहे. घडी घालणं आणि ती वर, कुणाचा हात लागणार नाही अशा जागी, एकदाच आणि नीट उघडणं अवघड आहे. साडी दुकानात घडी घालून किती सुंदर दिसते आणि घरी आपण ती परत तशी घालू शकत नाही, हे समोरच्या बायकांना सांगायला नको. कागदाच्या नकाशाचंही तसंच असतं. घडी चुकीच्या रेषेवर पडते आणि कोपरे फाटतात. कोर्यो मिउरा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं एक तिरकी घडी शोधली. दोन टोकं धरून ओढलं की सगळा कागद एका झटक्यात उघडतो आणि ढकललं की एका झटक्यात मिटतो. १९९५ मध्ये जपानच्या एका अवकाशयानावर त्या घडीचा प्रयोगही झाला. गंमत म्हणजे पुढच्या जानेवारीत अमेरिकेचं शटल ते यान परत आणायला गेलं, तेव्हा त्याचे मुख्य सौरपंख नीट मिटले असल्याची खूण सेन्सर देईनात. शेवटी ते पंख वरच सोडून द्यावे लागले.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. हबल दुर्बिणीचे पहिले पंख गुंडाळीचे होते. सावलीतून उन्हात आणि उन्हातून सावलीत जाताना ते तापून-थंडावून किंचित वाकायचे आणि त्या थरथरीनं दुर्बीण हलायची. १९९३ च्या डिसेंबरात अंतराळवीर ते बदलायला गेले, तर एक पंख वाकलेला, गुंडाळलाच जाईना. तोही सोडून दिला. २००७ मध्ये अंतराळ स्थानकाचा एक पंख दुसऱ्या जागी हलवून उघडताना तारेत अडकून फाटला. स्कॉट पॅराझिन्स्की नावाचा अंतराळवीर, जो पेशानं डॉक्टर होता, लांबलचक यांत्रिक हाताच्या टोकावर उभा राहून तिथे गेला. स्थानकावरच तारा आणि पत्र्याच्या पट्ट्यांपासून बनवलेल्या मोठ्या कफलिंकसारख्या पाच जोडण्यांनी त्यानं तो पंख अक्षरशः शिवला. पंखातली वीज बंद करता येत नव्हती, कारण सूर्य बंद करता येत नाही. म्हणून त्याच्या अवजारांनासुद्धा इन्सुलेशन गुंडाळलं होतं.

तिथे शिवायला माणूस होता. छोट्या उपग्रहाकडे कोण जाणार?

आता आपल्या लहानपणाची एक गोष्ट. दूरदर्शनवर आपण जे काही पाहिलं, रामायण, महाभारत, रविवारची कार्टून, त्याच्यामागे 'इन्सॅट-१बी' हा उपग्रह होता. तो ३० ऑगस्ट १९८३ ला 'चॅलेंजर' शटलमधून गेला. त्याच्या आधीचा 'इन्सॅट-१ए' वर्षभरापूर्वीच, काही महिन्यांत, निकामी झाला होता. आणि १बीचा सौरपंख उघडेना. जवळजवळ सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भारतीय आणि अमेरिकन अभियंते त्याच्या मागे होते. शेवटी तो उघडला. उघडला नसता, तर गावोगावच्या टीव्हीसमोर आपण कधी बसलो असतो, देव जाणे. हे मला नोकरीला लागल्यावर कळलं आणि त्या अभियंत्यांबद्दल फार आपुलकी वाटली. ते ज्या प्रश्नाशी झगडत होते, तो चाळीस वर्षांनी माझ्या टेबलावर आहे.

आता माझी चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक छोटा उपग्रह बनवत होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि चूक माझी असल्यामुळे सांगायचं कारणही नाही. त्याला दोन पातळ पंख होते, चटईसारखे गुंडाळलेले. ते एका मजबूत दोऱ्यानं बांधलेले असतात. दोऱ्याला टेकून एक छोटा रेझिस्टर असतो. हुकूम दिला की तो तापतो, दोरा वितळून तुटतो आणि स्टीलच्या मोजटेपसारख्या वाकड्या पट्ट्या स्वतःच्या ताणानं सरळ होतात. पट्टी सरळ झाली की पंख उलगडला. शेवटी पंखाची कड एका इवल्याशा स्विचवर टेकते, स्विच दाबला जातो आणि प्रोग्रॅमला कळतं : उघडला.

मी प्रोग्रॅम असा लिहिला होता. रेझिस्टर तापव. स्विच बघ. दाबला गेला असेल तर काम संपलं. नसेल तर दहा मिनिटं थांब आणि पुन्हा तापव. उघडेपर्यंत सोडू नकोस. मला वाटलं, चिकाटी हा सद्गुण आहे.

अवकाशात पाठवण्याआधी हे सगळं निर्वात कक्षात तपासतात. भल्यामोठ्या पिंपासारखी टाकी असते. आतली हवा काढून टाकतात आणि कडाक्याची थंडी करतात. एक दिवा सूर्याचं सोंग घेतो. इतका पातळ पंख जमिनीवर स्वतःच्या वजनानं लोंबतो, म्हणून त्याला वरून दोऱ्यांनी तोलून धरावं लागतं. सगळं लावून, हुकूम देऊन, आम्ही रात्री घरी गेलो. सकाळी येऊन पाहते, तर पडद्यावर ओळीनं एकच वाक्य : उघडला नाही, उघडला नाही, उघडला नाही. बॅटरी तळाला गेलेली. रात्रभर माझा प्रोग्रॅम रेझिस्टर तापवत बसला होता.

मी दोऱ्यावर संशय घेतला, रेझिस्टरवर घेतला, बिजागरीवर घेतला. तासभर माझं भाषण चालू होतं. आमच्याकडे डिप्लोमा करून नुकताच लागलेला एक मुलगा कोपऱ्यात उभा होता. तो हळूच म्हणाला, "मॅडम, पण पंखातून करंट तर रात्रभर येतोय."

करंटची नोंद वेगळ्या फाइलमध्ये जात होती. मी ती उघडलीच नव्हती. उघडली. पहिल्याच प्रयत्नात, रात्री सव्वाआठला, करंट एकदम वाढलेला होता. कक्षाच्या छोट्या खिडकीतून बॅटरीचा झोत टाकून पाहिलं, तर पंख मस्त पसरलेला. थंडीनं स्विचची पट्टी ताठ झाली होती आणि आमचा पंख इतका हलका, की त्याच्या टेकण्यानं ती दबलीच नाही. ज्या हलकेपणाचा आम्हाला अभिमान होता, त्यानंच स्विचला फसवलं. हेच वर झालं असतं, तर पंख ठणठणीत आणि उपग्रह मेलेला, माझ्या चिकाटीमुळे.

त्या दिवशी मला आपल्या गणिताच्या बाई आठवल्या. बाई आज पहिल्या रांगेत आहेत. पाचवीत भागाकाराचं उत्तर बरोबर असलं, तरी बाई पूर्ण गुण द्यायच्या नाहीत. वहीवर लाल शाईनं लिहायच्या : ताळा? मग आपण भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करायचो आणि भाज्य येतो का ते बघायचो. एकदा मी ताळा म्हणून तोच भागाकार दुसऱ्यांदा करून दाखवला. बाई म्हणाल्या, "अगं, त्याच वाटेनं परत गेलीस, तर त्याच खड्ड्यात पडशील. ताळा दुसऱ्या वाटेनं करायचा."

माझा प्रोग्रॅम रात्रभर हेच करत होता. एकाच स्विचला पुन्हा पुन्हा विचारत होता आणि त्याला तो ताळा म्हणत होता.

मग मी तो नव्यानं लिहिला. आता उत्तर तीन वाटांनी मिळवायचं होतं. पहिला स्विच. दुसरा करंट : उन्हात असताना पंखातून जेवढा यायला हवा तेवढा येतो का? तिसरी गिरकी. फुगडी खेळताना हात मागे ताणले की वेग कमी होतो, आणि मुली एकमेकींजवळ आल्या की वाढतो. तसंच पंख उघडले, की उपग्रहाचं हळू फिरणं आणखी मंदावतं. हे मोजणारं यंत्र उपग्रहात असतंच. शिवाय प्रयत्न मोजकेच करायचे, आणि बॅटरी पुरेशी भरल्याशिवाय पुढचा करायचाच नाही.

यात मी काही नवीन शोध लावला नाही. आमच्याहून खूप मोठे लोक हेच करतात. नासाचं 'ल्यूसी' यान १६ ऑक्टोबर २०२१ ला निघालं, गुरूच्या कक्षेतल्या लघुग्रहांकडे. त्याचे दोन पंख जपानी हातपंख्यासारखे गोल उघडणारे, प्रत्येकी सात मीटरहून मोठे. एक पूर्ण उघडून कुलूपबंद झाला, दुसरा होईना. तिकडे पाहायला कोण होतं? पंखातून येणारा करंट मोजून अभियंत्यांनी तो किती उघडला असेल याचा अंदाज बांधला. उघडण्याची दोरी ढिली पडली होती. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी मुख्य आणि राखीव अशा दोन्ही मोटरी एकत्र चालवून ती थोडी थोडी ओढली. पंख ३६० अंशांपैकी ३५३ ते ३५७ अंशांपर्यंत आला. पुरेसा ताणला गेला आहे, आता छेडछाड नको, असं ठरवून ते थांबले. कुलूप न लागलेल्या त्या पंखानिशी यान पुढे गेलं आणि १ नोव्हेंबर २०२३ ला 'डिंकिनेश' नावाच्या लघुग्रहाजवळून फोटो काढत पार झालं.

आता आमच्या उपग्रहाचं काय झालं, ते सांगून संपवते.

तो वर गेला. खालच्या कक्षेतला उपग्रह आपल्या डोक्यावरून जातो, तेव्हा दहाएक मिनिटंच बोलता येतं. पहिल्या भेटीत आकडे आले. उजवा पंख : स्विच दाबलेला, करंट पूर्ण. डावा पंख : स्विच दाबलेला नाही.

खरं सांगते, मला आनंद झाला. मी खोलीत जाहीर केलं, "काळजी नको, हा स्विच खोटं बोलतो. टाकीतही बोलला होता." मला ते खरं असायला हवं होतं. एकदा स्विचनं फसवलं होतं, म्हणून तो कायमचा खोटारडा, असं मी ठरवून टाकलं होतं. आकड्यांची पुढची ओळ वाचायला मी जरा उशीरच लावला. डाव्या पंखाचा करंट निम्मा होता. आणि गिरकी मंदावली होती, पण हिशोबाइतकी नाही. या वेळी स्विच खरं बोलत होता. पंख अर्ध्यावर अडकला होता.

करंट निम्मा म्हणजे दोरा तुटलाय. मग रेझिस्टर पुन्हा तापवण्यात अर्थ नाही. जुना प्रोग्रॅम असता, तर तो तापवतच बसला असता आणि दोनतीन दिवसांत सगळं संपलं असतं. आम्ही उपग्रह वळवून अडकलेली बाजू उन्हात तापवून पाहिली. थोडा हलवून पाहिला. पंख काही उघडला नाही. मग बसून हिशोब केला : एक पूर्ण, एक अर्धा, म्हणजे तीन चतुर्थांश वीज. त्यात बसेल असं वेळापत्रक मी नव्यानं लिहिलं. कॅमेरा प्रत्येक फेरीऐवजी एक आड एक फेरीला, रेडिओ कमी वेळ, हीटर अगदी गरजेपुरता. अहवालात लिहिलं : उजवा पूर्ण, डावा अर्धा. ते वाक्य लिहिताना हात जड झाला होता. पण उपग्रह ठरलेली मुदत संपेपर्यंत काम करत राहिला. ठरल्यापेक्षा कमी फोटो, पण चांगले.

लहानपणी मला वाटायचं, ताळा केला की उत्तर बरोबर येतं. तसं नसतं. उत्तर चुकलं असेल, तर ताळ्यानंतरही ते चुकलेलंच असतं. आपण नेमके कुठे आहोत एवढंच कळतं, आणि पुढचं त्यावर ठरवता येतं. माझ्या कामात तरी एवढं पुष्कळ असतं.

या क्षेत्रात अजून बरंच व्हायचं आहे. खालच्या कक्षेतला ऑक्सिजनचा सुटा अणू पॉलिइमाइडची चादर हळूहळू खातो, म्हणून तिच्यावर संरक्षक थर लागतो. दिवसाला पंधराएक वेळा ऊन आणि सावली, दर वेळी शेकडो अंशांच्या घरातला फरक. त्यात चादर, घट आणि जोडतारा एकमेकांपासून सुटता कामा नयेत. नासाच्या मार्शल केंद्रानं अशा एकाच पातळ चादरीवर सौरघट आणि अँटेना दोन्ही बसवून ऑगस्ट २०२४ मध्ये एका छोट्या उपग्रहावर प्रयोगासाठी पाठवली. तिचं नाव 'लिसा-टी'. आज आपल्या शाळेत नववीत असलेली एखादी मुलगी यातलं काही पुढे करेल, असं मला मनापासून वाटतं.

त्या मुलीसाठी मी शाळेच्या प्रयोगशाळेला एक छोटी भेट आणली आहे. गुंडाळता येणारं पातळ थराचं एक सौर पॅनेल, एक मल्टीमीटर आणि हा बाबांचा कॅल्क्युलेटर. मुख्याध्यापकांना माझी एकच विनंती आहे. पॅनेल किती उघडलं आहे, ते मुलांनी आधी डोळे मिटून, नुसत्या करंटच्या आकड्यावरून सांगावं, आणि मग डोळे उघडून पाहावं. दोन्ही उत्तरं वहीत लिहावीत.

आणि बाई, हे भाषण मी लिहून काढलं, त्यातले आकडे दोनदा तपासले. दुसऱ्या वेळी दुसऱ्या वाटेनं.